धार कुणाच्या हातची?

रात्री उशिरा रील्स स्क्रोल करताना एक प्रकार तुमच्यासमोर कधी ना कधी आला असेल. खाली काळं कापड, त्यावर एक हात, हातात तळव्यात मावेल एवढा चाकू. अंगठ्याचा हलका धक्का, पातं बाहेर, ‘टक्’. बंद. परत ‘टक्’. गाणं नाही, चेहरा नाही, तरी आपण ते तीनदा-चारदा बघतो. का बघतो ते सांगता येत नाही, पण बघतो.

यातले बरेच चाकू एकेकट्या माणसाने आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये बनवलेले असतात. अनेकदा एका ठरावीक गिऱ्हाइकासाठी, त्याने सांगितलेल्या मापाचे. पातं मुठीत दुमडून बसतं, म्हणून आपण त्याला घडीचा चाकू म्हणू. असे चाकू बनवून घेणाऱ्यांचं आणि जमवणाऱ्यांचं एक मोठं जग अमेरिकेत, युरोपात, जपानमध्ये आहे. मला त्या जगाबद्दल तुमच्याशी बोलायचंय आणि माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. हाताने बनवलेल्या वस्तूचं कौतुक आपल्या पिढीला मस्त जमतं. ती वस्तू बनवून घेणं मात्र आपल्याला येत नाही. आणि कारागीर टिकतो तो बनवून घेणाऱ्यांमुळे.

एक मिनिट, चाकू? तोही कॉलेजवाल्यांच्या पानावर? मला कळतंय तुम्ही काय म्हणताय ते. पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द गेल्या काही वर्षांत इतका वापरला गेलाय, की धारदार वस्तू दिसली की आधी तोच आठवतो. हातात कोयता नाचवत रील टाकणाऱ्या पोरांना पोलीस उचलतात आणि ते बरोबरच करतात. पण त्याच कोयत्याचा ऊसतोडीच्या पट्ट्यातला अर्थ माहितीये? तिथे ‘एक कोयता’ म्हणजे एक नवरा-बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. ज्या हत्याराच्या नावाने तिथे माणसं मोजली जातात, ते इथे भाईगिरीचं प्रॉप झालंय. हत्यार तेच आहे, बिघडलंय आपलं त्याच्याशी असलेलं नातं.

तर, मी ज्या चाकूंबद्दल बोलतेय ते सफरचंद कापायचे, पार्सलची टेप फाडायचे, पेन्सिलीला टोक काढायचे. आता तो कसा बनतो ते बघू, कारण किंमत ऐकून तुम्ही उडणार आहात आणि त्याआधी हे कळायला हवं.

स्वयंपाकघरातला साधा चाकू बनवणं अवघड आहेच, पण त्याला हलणारा भाग नसतो. घडीच्या चाकूत पातं एका खिळीभोवती फिरतं. उघडल्यावर ते दगडासारखं घट्ट बसलं पाहिजे आणि मिटल्यावर मुठीच्या दोन बाजूंच्या बरोब्बर मधोमध आलं पाहिजे. केसाएवढा फरक पडला तरी पातं एका बाजूला घासतं. त्यात पोलादाला पाणी देण्याची भानगड. पाणी जास्त कडक झालं तर पातं ठिसूळ होऊन टवका उडतो, मऊ राहिलं तर दोन दिवसांत धार जाते. पाणी देताना पातं वाकडं झालं, तर आधीची सगळी मेहनत भंगारात.

मग खटका. आज सगळ्यात जास्त दिसणारा खटका म्हणजे लायनर लॉक. मुठीच्या आत पातळ पत्रे असतात. त्यातल्या एका पत्र्याची पट्टी चिरून किंचित आत वाकवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ती पट्टी स्वतःच्या ताणाने सरकून पात्याच्या बुडामागे जाऊन बसते. आता पातं बोटांवर मिटत नाही. मिटायचं असेल तर अंगठ्याने पट्टी बाजूला करायची. कल्पना जुनी होती, पण तिला आजचं रूप दिलं मायकल वॉकर या अमेरिकन कारागिराने, १९८० च्या सुमारास. त्याच पट्टीत त्याने एक बारीकशी गोळी बसवली. चाकू बंद असताना ती पात्यावरच्या खळग्यात अडकते, म्हणून खिशात चाकू आपोआप उघडत नाही. तुमच्या रीलमधल्या उघडझापीतला तो सुरुवातीचा हलका अडथळा या गोळीचा असतो.

हा माणूस कंपनीत नोकरीला नव्हता. एकेक चाकू हाताने बनवत होता, आणि ते विकत घेणारी माणसं होती, म्हणून त्याला एका पट्टीवर डोकं खपवायला वेळ मिळाला. पुढे ती युक्ती कारखान्यांनी घेतली. आज ऑनलाइन चारपाचशे रुपयांत मिळणाऱ्या कॅम्पिंगच्या चाकूतसुद्धा तीच असते. म्हणजे ज्यांनी वॉकरचे महागडे चाकू घेतले, त्यांनी नकळत तुमच्या-माझ्या स्वस्त चाकूच्या संशोधनाचा खर्च उचलला. श्रीमंतांचा छंद म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मला हे नेहमी सांगावंसं वाटतं.

पोलादाचं तर वेगळंच वेड. मॅग्नाकट नावाचं एक पोलाद २०२१ मध्ये बाजारात आलं. ते तयार केलं लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने, खास चाकूंसाठी. त्याचे वडील दमास्कस पोलाद बनवणारे कारागीर. घरचं वेड पोराने विद्यापीठात नेलं आणि पीएचडी करून परत आणलं. दमास्कस म्हणजे पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेलं पातं, तेही तुम्ही पाहिलं असेल. हल्लीचं दमास्कस दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकमेकांवर ठोकून करतात. मूळचं प्रसिद्ध पोलाद, वुट्झ, ते वेगळं होतं आणि ते दक्षिण भारतातून जगभर जायचं. म्हणजे ज्या नक्षीसाठी आज अमेरिकेतले लोक डॉलर मोजतात, तिच्या गोष्टीची सुरुवात आपल्या शेजारच्या राज्यांमध्ये होते.

आता ऑर्डरकडे येते. अमेरिकेत हाताने चाकू बनवणाऱ्यांनी १९७० मध्ये आपली संघटना काढली, नाइफमेकर्स गिल्ड. दर वर्षी अटलांटा शहरात ‘ब्लेड शो’ भरतो, तिथे बनवणारे आणि घेणारे समोरासमोर भेटतात. नावाजलेल्या कारागिराच्या टेबलासमोर इतकी गर्दी होते, की काही जण चिठ्ठ्या टाकतात. नाव निघालं तर पैसे द्यायची संधी! बाकीच्यांनी वेटिंग लिस्टमध्ये थांबायचं. अनेकांची ऑर्डरवही बंदच असते. वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी उघडते.

ऑर्डर देताना काय बोलायचं असतं? पातं किती लांब. त्याने काय कापणार. पोलाद कुठलं, गंजणारं चालेल का. मुठीला लाकूड, टायटॅनियम की कार्बन फायबर. आणि एक प्रश्न, ज्याच्यामुळे मी या विषयात अडकले: हात कुठला?

मी डावखुरी आहे. लायनर लॉकची पट्टी उजव्या अंगठ्याला सोयीची पडेल अशी लावलेली असते, डाव्या हाताने ती सोडवताना बोटं वेडीवाकडी करावी लागतात. कात्री, कॉलेजातल्या बाकाची लिहायची फळी, सगळीकडे हेच. जगाने मला आजवर कधी विचारलं नाही की बाई, तुझा हात कुठला. चाकू बनवणारा विचारतो. डाव्या हाताची ऑर्डर असेल तर खटका आरशातल्यासारखा उलटा करून देतो. एवढ्याशा प्रश्नासाठी लोक दोन वर्षं का थांबतात, ते मला तेव्हा समजलं.

किंमत? चांगल्या कारागिराचा घडीचा चाकू काहीशे डॉलरपासून सुरू होतो, मोठ्या नावांचे काही हजारांत जातात. आपल्या हिशेबात म्हणजे बऱ्यापैकी फोन ते सेकंडहँड कार. तुम्ही-मी हे घेणार नाही, उगाच स्वप्नं दाखवत नाही. पण एवढे पैसे देणारी माणसं नेमकं काय विकत घेतात हे बघण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्डचं उदाहरण घ्या.

शेफिल्ड म्हणजे एकेकाळी जगाला चाकू-कात्र्या पुरवणारं शहर. तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणून ओळखले जाणारे स्वतंत्र कारागीर असत. एखादी खोली भाड्याने घ्यायची आणि आपल्या कौशल्याचं काम करायचं. कारखाने आले, पुढे तेही बंद पडले, मेस्टर कमी होत गेले. त्या परंपरेतले शेवटचे मोठे नाव म्हणजे स्टॅन शॉ. जन्म १९२६ चा. पोरसवदा वयात, १९४१ मध्ये कामाला लागले आणि सत्तरहून जास्त वर्षं घडीचे चाकू बनवत राहिले. २०२१ मध्ये वारले. त्यांच्याकडे चाकूसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे. तिथले जाणकार चाकूची परीक्षा करताना ‘वॉक अँड टॉक’ बघतात. आपल्या भाषेत सांगायचं तर चाकूची चाल आणि बोल. उघडताना पातं किती सफाईने चालतं आणि मिटताना स्प्रिंग कसा आवाज देते. रीलमधला तुमचा ‘टक्’ आठवला ना? तो कानाला गोड लागावा म्हणून कानसीने किती घासायचं हे शॉसारख्यांच्या हाताला कळत होतं. ते पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. ब्रिटनमध्ये धोक्यात आलेल्या हस्तकलांची यादी निघते, त्यात घडीचे चाकू बनवण्याची कला आहे. ज्या शहराने जगाला चाकू दिले तिथली ही गत.

जपानची गोष्ट थोडी वेगळी. तिथे हिगोनोकामी नावाचा घडीचा चाकू आहे. एक पातं, दुमडलेल्या पत्र्याची मूठ, मागे अंगठ्याने दाबायची छोटी शेपटी. खटका वगैरे काही नाही, आपलाच अंगठा पातं धरून ठेवतो. एके काळी शाळकरी पोरांच्या दप्तरात पेन्सिलीसाठी हाच असायचा. १९६० मध्ये असानुमा या समाजवादी नेत्याचा भर सभेत सतरा वर्षांच्या मुलाने खून केला. वापरली होती छोटी तलवार. पण त्यानंतर मुलांच्या हाती धारदार काही देऊ नका अशी मोहीम देशभर चालली आणि दप्तरातून चाकू गेला. सोबत मिकी शहरातले तो बनवणारेही गेले. आज ते नाव अधिकृतपणे लावणारा एकच कारखाना तिथे उरलाय. तो टिकलाय त्यात जगभरच्या चाकूवेड्यांचा वाटा आहे. अगदी स्वस्तात मिळणारी, हाताने बनलेली ही वस्तू त्यांच्या संग्रहात हमखास असते.

आता आपल्या देशात या. घडीचा चाकू म्हटलं की एकच नाव, रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या नवाबांच्या काळापासूनची ही कारागिरी. हिंदी सिनेमाने तिला प्रसिद्धी दिली, पण कसली? साठ ते ऐंशीच्या दशकांतला प्रत्येक गल्लीतला गुंड खिशातून रामपुरी काढायचा. पितळी मूठ, तिच्यावरची नक्षी, उघडताना होणारा तो करकर आवाज, हे सगळं बनवणाऱ्या माणसाला पडद्यावर कुणी कधी बघितलं नाही. नव्वदच्या दशकात सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आणली. पुढे स्वस्त चिनी माल आला. दुकानं आणि कारागीर कमी होत गेले.

मग २०२३ मध्ये रामपूरमध्ये एका चौकात तब्बल वीस फुटी चाकू उभारला गेला. सेल्फी पॉइंट! मला याचा राग येतो, खरंच येतो. बनवणारे हात रिकामे होत असताना आपण चौकात पुतळा उभा करतो. वीस फुटी चाकूने कांदासुद्धा कापता येत नाही. त्याऐवजी शंभर लोकांनी चार इंचांच्या, कायद्यात बसणाऱ्या, पितळी मुठीच्या घडीच्या चाकूची ऑर्डर दिली असती तर काही घरांत पोरांनी बापाचं काम शिकलं असतं. बंदी लांबीवर आहे, कलेवर नाही. मायकल वॉकरला गिऱ्हाईक मिळालं, रामपूरला व्हिलन मिळाला. फरक एवढाच आहे, पण सगळं त्यात आलं.

कायद्याचं थोडं, कारण तुमच्यातला कुणीतरी उत्साही निघणारच. शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचे चाकू शस्त्र ठरतात. घरगुती, शेतीच्या किंवा कामाच्या वापराचे त्यातून वगळलेत. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली शहराशहरांत वेळोवेळी मनाई आदेश निघतात, तेव्हा सुरा-चाकू बाळगणं गुन्हा ठरू शकतं. विमानात केबिन बॅगेत तर नाहीच. सरळ सांगते, चाकू घरी राहू दे. कॉलेजच्या बॅगेत नको, कट्ट्यावर नको, रीलमध्ये तर अजिबात नको. मुठीला सांबरशिंग पाहिजे असा हट्टही नको. भारतातल्या सांबराच्या शिंगाला चाकूवाल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मान होता, पण वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याचा व्यापार आपल्याकडे बंद आहे आणि ते योग्यच आहे.

या छंदातलं सगळं मला पटतं असं नाही. कारागिराकडून नंबर लागला की घ्यायचा आणि आठवड्यात दुप्पट भावाने विकायचा, हे तिथेही चालतं. स्नीकर्सच्या ड्रॉपमध्ये चालतं तेच. त्या वरच्या पैशातला एक छदाम बनवणाऱ्याला मिळत नाही. काही जण चाकू तिजोरीत ठेवतात, एकदाही धार वापरत नाहीत. त्यांच्यावर हसणारे खूप आहेत, मी हसणार नाही. पुण्यात असाल तर राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघून या. घोडे, पक्षी, जोडपी, काय काय आकार. अडकित्ता म्हणजे शेवटी एक खीळ आणि दोन दांड्या, घडीच्या चाकूचा चुलतभाऊच. कुणीतरी हौसेने बनवून घेतला आणि कुणीतरी वेड्यासारखा जपून ठेवला, म्हणून आज आपल्याला दिसतो.

एक सल्ला मात्र तिथल्या अनुभवी लोकांचा इथेही लागू पडतो. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. वाचायला उलटं वाटेल, पण त्याने कारागिराचंच नुकसान होतं. पैसे खर्च होऊन जातात, मागच्या ऑर्डरींचा डोंगर उरतो, आणि फुकट राबल्यासारखं वाटून चांगली माणसं काम सोडतात. थोडी उचल द्या, मुदत विचारा, मध्ये मध्ये ‘झालं का’ म्हणून डोकं खाऊ नका, वस्तू हातात आली की उरलेले लगेच द्या. आणि ठरलेली किंमत म्हणजे ठरलेली किंमत.

या शेवटच्या वाक्यावर आपण सगळे नापास होतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला पाल टाकून बसलेली घिसाडी कुटुंबं तुम्ही पाहिली असतील. ऐरण, भाता, कोळशाची छोटी भट्टी. बाप लोखंड धरतो, आई घण मारते. खुरपं, विळी, कोयता, कुऱ्हाड, सांगाल ते समोर घडवून देतात. याला इंग्रजीत कस्टम म्हणतात हो! त्यासाठीच तिकडे डॉलर मोजतात. आणि आपण? आमच्या गावच्या आठवडी बाजारात मी एका काकांना खुरप्यासाठी वीस रुपयांवरून पंधरा मिनिटं हुज्जत घालताना पाहिलंय. हातात फोन चाळीस हजारांचा. मॉलमध्ये याच काकांनी एमआरपीवर कधी तोंड उघडलं असेल, असं मला नाही वाटत.

घिसाड्याच्या भट्टीवर टायटॅनियम नसतं. ट्रकच्या जुन्या पाट्यांचं पोलाद असतं, आणि ते चांगलं असतं. घडीचा चाकू तो कदाचित बनवणार नाही. कांदा कापायचा चाकू बनवेल, हॉस्टेलच्या खोलीत पुरेल असा. मी परीक्षा संपल्यावर आमच्या भागात उतरलेल्या एका पालावर गेले. मावशी घण मारत होत्या, त्या थांबल्या. मी म्हटलं, भाजीचा चाकू पाहिजे, पातं वीतभर, पण मी डाव्या हाताने कापते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लाकडाचा एक तुकडा पुढे केला, “धर बघू.” मी धरला. बोटं कुठे येतात तिथे त्यांनी कोळशाने खुणा केल्या. धार कुठल्या अंगाने काढायची ते आपसात बोलले, त्यातलं मला निम्मं कळलं. मग किंमत सांगितली, साडेतीनशे.

शंभर दिलेत. उरलेले शनिवारी, चाकू आणायला जाईन तेव्हा.